तिसऱ्या रांगेतला हत्ती

सांगलीतलं मंगल कार्यालय, चौथी फेरी. पंख्यांची घरघर आणि घड्याळांची टकटक, बाकी आवाज नाही. प्रत्येकी 90 मिनिटं, शिवाय दर चालीला 30 सेकंद. समोर सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक. रेटिंग दोघांचंही सोळाशेच्या आसपास. आमच्या पातळीवर डाव सुरुवातीला क्वचितच ठरतो. तो ठरतो चौथ्या तासात, पोटात कावळे ओरडत असताना.

एकविसाव्या चालीला घोड्याचा मारा मला दिसला नाही आणि प्यादं गेलं. आता पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि सरांचं ते एकुलतं प्यादं. माझ्या घड्याळात चार मिनिटं.

माझा राजा प्याद्याच्या वाटेत, अगदी शेवटच्या घरात. हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या रांगेत. तो तिथे आडवा पहारा देतोय तोवर सरांच्या पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. हा बचाव फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने 1777मध्ये छापला. प्यादं त्या रांगेत आलं, की हत्तीने थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला जायचं आणि मागून शह देत राहायचं. राजाने जिथे लपायचं, ते घर आता त्याच्याच प्याद्याने अडवलेलं असतं.

वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि चार मिनिटांत बसून राहणं वेगळं. मागून शह देण्याची वाट आधीपासूनच दिसत होती आणि हात शिवशिवत होता. मोहऱ्याला हात लागला की तो चालवावाच लागतो, म्हणून मी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. हत्ती त्याच रांगेत एक घर सरकवायचा, बटण दाबायचं, चाल लिहायची. सरही नऊ चाली थांबले. कपाळावरचा घाम पुसायचे, राजा मागे घ्यायचे, पुन्हा आणायचे.

मग प्यादं पुढे आलं. माझा हत्ती सरळ खाली गेला. शह, पुन्हा शह. सरांनी चाल केली, ‘‘बरोबरी?’’ म्हणाले आणि मग बटण दाबलं. मी हात पुढे केला. सह्या झाल्या, दोन्ही राजे पटाच्या मधोमध उभे राहिले.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, ‘‘सर, बरोबरी दिसत असून इतका वेळ का खेळलात?’’

‘‘तुम्हाला थांबता येतं का, ते बघत होतो,’’ सर म्हणाले आणि खिशातला छोटा पट उघडून एकविसावी चाल मांडू लागले.