कोरेगावचा खांब आणि त्यावरची नावे

मागच्या वेळी आपण इतिहास आणि स्मृती यांतला फरक पाहिला. आज तो फरक एका दगडावर घासून पाहू. दगड म्हणजे पुण्याजवळचा, भीमा नदीकाठचा कोरेगावचा जयस्तंभ.

गोंदियात बसून कोरेगाव कशाला, असं कुणी विचारेल. पण ते युद्ध आपलंही होतं. 26 नोव्हेंबर 1817 ला नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारची फौज भिडली. त्याच युद्धात पाच आठवड्यांनी, 1 जानेवारी 1818 ला, कोरेगावात कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीची गाठ दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी पडली. स्टॉन्टनकडे साधारण आठशे माणसं. पेशव्यांची फौज वीस हजारांच्या वर, पण प्रत्यक्ष गावात शिरून लढले ते दोनेक हजार. दिवसभर झुंज झाली, रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीने पुढे तिथे खांब उभारला.

आता या खांबाकडे नीट बघा. तो कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारला, अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी नाही. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली. 49 नावं. त्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायली ज्यू आहेत. आणि 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' म्हणजे त्या काळच्या महार माणसाच्या नावाची ओळखखूण. कोरणाऱ्याच्या दृष्टीने ही निव्वळ पलटणीतली नोंद. पण गावात ज्याला सावली सांभाळून चालावं लागे, त्याचं नाव कॅप्टनच्या नावासोबत एकाच खांबावर आलं. ही गोष्ट कोरणाऱ्याला कळली नसेल, वाचणाऱ्याला कळली.

कधी कळली, हेही महत्त्वाचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचं एक खूळ काढलं आणि महारांची लष्करभरती बंद केली. ज्या नोकरीने दोन पिढ्यांना पगार, पेन्शन आणि शाळा दिली, तिचं दार लागलं. मग 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, की आमचे पूर्वज तुमच्यासाठी लढले, आम्हाला पुन्हा घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला महारांची पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर मोडलीसुद्धा! ही पार्श्वभूमी ध्यानात घ्या आणि मग 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला गेले, हे वाचा. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह आहे. खांब तेव्हा पुरावा होता. कोर्टात कागद दाखवावा तसा तो दाखवला गेला.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण तिथे नेमकं उलटं घडलं. तिथलं यादवी युद्ध 1861 ते 1865. त्यात 54 वी मॅसॅच्युसेट्स नावाची काळ्या सैनिकांची पलटण होती. तिचे अधिकारी गोरे. 18 जुलै 1863 ला फोर्ट वॅग्नरवर तिने हल्ला केला, पुष्कळ माणसं पडली. 1897 मध्ये बॉस्टनला तिचं स्मारक झालं. शिल्प अप्रतिम आहे, काळ्या सैनिकांचे चेहरे माणसांचे चेहरे वाटतात, आणि त्या काळी हेही थोडं नव्हतं. पण नावं कोरली ती फक्त मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. काळ्या सैनिकांची नावं त्या दगडावर यायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. गेटिसबर्गसारख्या जपून ठेवलेल्या रणभूमीवरही कोणती तोफ कुठे होती याच्या पाट्या ढीगभर होत्या. युद्ध गुलामगिरीवरून झालं, हे मात्र तिथे ठळकपणे सांगायला विसावं शतक सरावं लागलं. म्हणजे चेहरे आहेत पण नावं नाहीत, तोफा आहेत पण कारण नाही.

आपल्याकडे नावं पहिल्यापासून होती. भांडण झालं ते त्यांच्या अर्थावरून. "ती महार विरुद्ध पेशवा लढाई होती का?" हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर हटकून येतो. 1818 चा प्रश्न म्हणून विचाराल तर उत्तर आहे, नाही. दोन्हीकडे अनेक जातीधर्मांचे पगारी शिपाई होते. पेशव्यांकडून गावात घुसलेल्यांत अरब मोठ्या संख्येने होते. पण एवढं सांगून जो थांबतो आणि म्हणतो, "म्हणून तिथे जमणारे चुकीचे", त्याने अर्धाच हिशेब मांडला. लोक 1 जानेवारीला जातात ते 1818 साठी जातात तसेच 1927 साठीही जातात. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडूनही जातात. त्यांना कंपनीचा जयजयकार करायचा नसतो.

आणि हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. डिसेंबर 2017 च्या अखेरीस जवळच्याच वढू बुद्रुकला एक फलक लागला. संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद गोपाळ महारांनी की दुसऱ्या कुणी, यावरून ठिणगी पडली. 1 जानेवारी 2018 ला, द्विशताब्दीच्या दिवशी, दगडफेक, जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. पुढे चौकशी आयोग नेमावा लागला. एका फलकाचं एवढं वजन असतं! म्हणून माझं मत असं, की अशा ठिकाणी एकच तारीख सांगणारी पाटी लावूच नये. 1818, 1927 आणि 2018, तिन्ही लिहा. वाचणाऱ्याला कळू द्या की हा दगड कोणी कधी आणि कशासाठी वाचला.

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे, "सर, मग सीताबर्डीचं काय?" चांगला प्रश्न आहे. तिथे कंपनीकडून लढलेल्यांत मद्रासची एक देशी पलटण होती. वेल्लोरच्या 1806 च्या बंडानंतर शिक्षा म्हणून तिचा जुना क्रमांक काढून घेतला होता. लढाई जिंकल्यावर त्या शिपायांनी मागितलं काय? आमचा जुना क्रमांक परत द्या. तो मिळालाही. आपल्या भोसल्यांकडून पडलेल्या शिपायांनी काय मागितलं असतं, ते विचारायला कोणी गेलं नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडतात. इथून नागपूर जेमतेम अडीच-तीन तासांवर. पुढच्या वेळी वही घेऊन जा, तिथल्या दगडांवर कोणाकोणाची नावं आहेत ती उतरवून आणा. पुढच्या व्याख्यानात आपण ती यादी घेऊन बसू.