बियांची ऊब

गुरुजींनी या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाला स्वतः केलेला एक प्रयोग लिहून आणायला सांगितले. मी मिरचीच्या बियांचा लिहिते. हा प्रयोग मी हौसेने केला नाही, तो मला करावाच लागला.

आमचे गाव नाणे मावळात आहे. पावसाळ्यात आमच्याकडे भात असतो, बहुतेक इंद्रायणी. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आले. इंद्रायणीचे बी संपले तर ते दुकानात मिळते. पण आमच्या आजीची मिरची दुकानात मिळत नाही. ती बुटकी, जाड सालीची आणि फार झणझणीत आहे. आजी दरवर्षी दोन चांगली झाडे बियांसाठी राखायची. बी वाळवून, राखेत घोळून त्याची पुरचुंडी करायची आणि ती उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवायची. आजी आश्विनात वारली. तेव्हा घरात तिची एकच पुरचुंडी होती.

मार्गशीर्षात आईने त्यातले निम्मे बी परसातल्या वाफ्यात टाकले. वीस दिवस झाले तरी एकही कोंब वर आला नाही. मी माती उकरून पाहिली तर बिया मऊ पडून कुजल्या होत्या. आई म्हणाली, "गारठा किती पडलाय. आता र्‍हायलेलं बी टाकून काय उपेग?" मी राहिलेल्या बिया मोजल्या. त्या ६० होत्या.

मला वाटले, गारठा नको तर चुलीजवळ ठेवू. मी एका पत्र्याच्या डब्यात माती भरली, २० बिया पेरल्या आणि डबा सरळ वैलावर ठेवला. दुसर्‍या दिवशी माती भाजल्यासारखी खडखडीत झाली होती. त्या वीसही बिया गेल्या. आई मला रागावली नाही, पण बोललीही नाही. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

दुसर्‍या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, "बियाला ऊब हवी, आच नको." मग त्यांनी वर्गात सर्वांना समजावून दिले, ते असे.

प्रत्येक बीमध्ये एक इवलेसे रोप झोपलेले असते. त्याच्याजवळ त्याची शिदोरी असते. पाणी मिळाले की बी फुगते आणि रोप जागे होते. पण शिदोरीतले अन्न कोरडे असते, ते विरघळून गोड झाल्याशिवाय रोपाला खाता येत नाही. हे काम उबेत भराभर होते आणि थंडीत रेंगाळते. आपण घरात हे पाहतोच. उन्हाळ्यात मटकीला एका रात्रीत मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात. घटातले धान आश्विनात नऊ दिवसांत केवढे वाढते! तेच पौषात पेरले तर तेवढे वाढणार नाही. कोंब यायला उशीर झाला की बी ओल्या, गार मातीत नुसते पडून राहते आणि कुजते.

सगळ्या बियांना सारखी ऊब लागत नाही. गहू, हरभरा आणि मेथी थंडीतही उगवतात. मिरची, वांगी आणि टोमॅटो यांना जास्त ऊब लागते. मिरची मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. ती १६ व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आली. मिरचीच्या बीला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब मानवते. १५ अंशांच्या खाली ते उगवायला फार रेंगाळते. माती फारच तापली तर बी मरते. माझ्या डब्यात तेच झाले होते.

इंग्लंडसारख्या थंड देशात लोक खिडकीत विजेची पेटी ठेवतात, असे गुरुजींनी सांगितले. पेटीच्या तळाशी मंद ऊब असते आणि वर पारदर्शक झाकण असते. खालून ऊब मिळते, झाकणामुळे ओल टिकते आणि खिडकीतून उजेड येतो. आपल्याकडच्या रोपवाटिकांतही बी पेरलेले ट्रे एकावर एक रचतात आणि कोंब येईपर्यंत प्लॅस्टिकने झाकून ठेवतात. कोकणात भाताचे बी भिजवून गोणपाटात दाबून ठेवतात, त्याला रहू म्हणतात. भिजलेले बी श्वास घेऊ लागले की गोणीत आपोआप ऊब तयार होते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, तसेच हे आहे. ती अंडी भाजत नाही, उबवते.

आमच्याकडे विजेची पेटी नव्हती. पण चुलीशेजारी एक लहान खिडकी आहे आणि तिला रुंद कट्टा आहे. गुरुजींनी मला शाळेचा थर्मामीटर चार दिवस घरी दिला. सकाळी सहाला परसात १२ अंश होते. त्याच वेळी चूल पेटलेली असताना खिडकीच्या कट्ट्यावर २७ अंश होते. मी आईला आकडे दाखवले. तिने पुरचुंडी माझ्या हातात दिली. मग आम्ही दोघींनी मिळून असे केले.

१. पसरट डब्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाते.

२. चाळलेली माती, जुने शेणखत आणि वाळू सारखी घेऊन डबा भरला.

३. ४० बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या. सकाळी दोन दोन बोटांवर एकेक बी ठेवले आणि वरून अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरली. बी खोल गेले तर कोंबाची शिदोरी वाटेतच संपते.

४. हाताने पाणी शिंपडले. कमानीसारख्या वाकवलेल्या काड्या रोवून वर पारदर्शक प्लॅस्टिक घातले. रोज एकदा ते उघडून वारा दिला, कारण बीला हवाही लागते.

५. रात्री चूल विझते. त्यावर आईने युक्ती काढली. ती झोपताना चुलीजवळची गरम वीट गोणपाटात गुंडाळून डब्याखाली ठेवायची. गोणपाटावर हात ठेवून वीसपर्यंत आकडे म्हणायचे. चटका बसला तर अजून एक घडी घालायची.

सात दिवस काहीच दिसले नाही. मी रोज शाळेत निघताना आणि आल्यावर डब्यात बघायची. मला माती उकरावीशी वाटे, पण मी उकरली नाही. आठव्या दिवशी सुईच्या नेढ्यासारखे वाकलेले तीन कोंब दिसले. मी ओरडले, तेव्हा आई हातातले पीठ तसेच घेऊन आली. दहाव्या दिवशी १७ आणि चौदाव्या दिवशी ३४ कोंब झाले. बाकीच्या सहा बिया उगवल्या नाहीत.

यानंतर माझी दुसरी चूक झाली. उबेने इतके चांगले झाले म्हणून मी डबा तिथेच ठेवला आणि पाणीही खूप घातले. रोपे फिकी, लांबुडकी झाली आणि खिडकीकडे माना वाकवू लागली. पाच रोपे मातीजवळ काळी पडून आडवी झाली. गुरुजी म्हणाले, "कोंब येईपर्यंत ऊब महत्त्वाची. कोंब आल्यावर उजेड. शिदोरी संपली की रोप पानांनी स्वतःचे अन्न तयार करते आणि त्याला ऊन लागते." त्या दिवसापासून प्लॅस्टिक काढले. दिवसा डबा अंगणात कोवळ्या उन्हात आणि रात्री घरात ठेवू लागलो. पाणी फक्त सकाळी, तेही माती सुकली तरच घालायचे. मग एकही रोप गेले नाही.

आता थंडी सरली आहे. आमच्या परसात २९ रोपे लावली आहेत. ती जवळजवळ वीतभर झाली आहेत. आई रोज पाणी घालायला जाते तेव्हा आधी ती मोजते. मी शाळेतून आल्यावर परत मोजते.

ज्यांच्या घरी चूल नाही त्यांनीही हे करून पाहावे. भिजवलेल्या बिया ओल्या फडक्यात बांधून, आई जिथे विरजण लावते त्या उबदार जागी ठेवा. विटेऐवजी कोमट पाण्याची बाटली चालते. विजेच्या दिव्याची ऊब द्यायची असेल तर ते काम मोठ्या माणसांनीच करावे, कारण जवळ पाणी असते. शिवाय आताच्या एलईडी दिव्याची ऊब अगदी थोडी असते.

आणखी एक गोष्ट मला कळली. आजीचे बी एकाच पुरचुंडीत, एकाच घरात होते म्हणून आम्हाला एवढी भीती वाटली. यंदा मिरच्या लाल झाल्या की मी बी धरणार आहे. वर्गातल्या ज्याला हवे असेल त्याने आपले नाव मला सांगून ठेवावे. मी प्रत्येकाला दहा बिया देईन. पालकांनीही मागितल्या तरी चालतील. फक्त त्या वैलावर ठेवू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी