संध्याकाळी फोटो ब्लर येतात? पोर्ट्रेटसाठी हे करून बघा

सूर्य मावळला की मित्राचा फोटो ब्लर किंवा दाणेदार येतो. कारण साधं आहे. उजेड कमी झाला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो किंवा आयएसओ वाढवतो. पहिल्यात हललेला चेहरा पुसट होतो, दुसऱ्यात दाणे दिसतात.

म्हणून आधी जागा बघा. मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं तर चेहरा काळा पडतो. तोंड समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला करा. सूर्यास्तानंतरही साधारण २० मिनिटं आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागे इमारतींचे दिवे मिळतात.

आता फोन:

- लेन्स पुसा. झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा; फार जवळ नको, नाक मोठं दिसतं.
- चेहऱ्यावर टॅप करा. मागचे दिवे पांढरेफटक पडले तर ब्राइटनेस किंचित कमी करा.
- प्रो मोड असेल तर शटर १/६० आणि आयएसओ ८०० पासून सुरुवात करा.
- नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र जोडतो, म्हणून समोरच्याला २-३ सेकंद स्थिर राहायला सांगा.

अंधार पडलाच, तर समोरून फ्लॅश मारू नका, चेहरा सपाट दिसतो. दुसऱ्या फोनची पांढरी स्क्रीन बाजूने धरा. तेवढा उजेड चेहऱ्याला पुरतो.