बोंबलाचा समुद्र, तारलीचा समुद्र

मंडळाच्या सहलीत वसई-अलिबागकडची मंडळी आणि मालवण-गोव्याकडची मंडळी एकत्र आली की माशांवरून वाद ठरलेलाच! एक पक्ष बोंबील-मांदेलीचा, दुसरा तारली-बांगड्याचा. पण हा वाद नुसता जिभेचा नाही, भूगोलाचाही आहे. अरबी समुद्र एकच असला तरी त्यातले लहान मासे सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत.

खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या गाळ आणून टाकतात. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, मुंबईला चार-पाच मीटर असतो. हे गढूळ, खळबळते पाणी जवळ्याला मानवते आणि जवळा हे बोंबलाचे आवडते खाद्य. म्हणून गुजरात ते मुंबई हा बोंबील-मांदेलीचा मुलूख. कोळ्यांची डोल जाळीही भरतीच्या जोरावरच चालतात: जाळे एका जागी बांधायचे, मासा प्रवाहाबरोबर आत येतो. ओल्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी. तो लवकर नासतो, म्हणून वलांडीवर सुकवायची रीत.

रत्नागिरीच्या खाली बोंबील विरळ होतो. केरळात तर जवळजवळ नाहीच. मात्र भारताला वळसा घालून बंगालच्या गढूळ मुखांपाशी पोहोचलो की तो पुन्हा भेटतो. बंगाली लोक त्याला ‘लोटे’ म्हणतात. पाणी जुळले की मासा जुळतो, याचा याहून चांगला पुरावा नको.

तारलीचे गणित वेगळे. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे वरचे पाणी वाऱ्यांमुळे बाहेर ढकलले जाते आणि खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्यात सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते. तारली ते कल्ल्यांच्या चाळणीतून गाळून खाते; पावसाळ्यानंतर ती तेलाने भरते ती यामुळेच.

अशा माशांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. त्यामुळे एखादा मोसम बिघडला की लगेच घट दिसते. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. पुढच्याच वर्षी ती पुन्हा वाढली. मात्र निसर्गाच्या अशा चढउतारांत बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेच उचलली, तर पुन्हा वाढायला मागे उरणार काय? म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडीचा किमान आकार ठरवून दिला.

नियम पाळणे कोळ्यांच्या हाती, पण गिऱ्हाइकाच्याही हाती थोडे आहे. सुट्टीत गावी गेलात आणि बाजारात बोटभर बोंबलांचा वाटा स्वस्तात मिळू लागला, तर घासाघीस न करता सरळ पुढे जा. पुढच्या खेपेला ताटात मोठा बोंबील हवा ना?