तळघरातलं झुरळांचं बिऱ्हाड

गिरगावातल्या चाळीत लहानाची मोठी झालेली मी. रात्री मोरीतला दिवा लावला की झुरळं चारी दिशांना पळायची, आणि आई दर आठवड्याला फळ्यांच्या कडेनं औषधाचा खडू ओढायची. तीच मी आज ओहायोतल्या घराच्या तळघरात चारशेच्या वर झुरळं पाळून आहे, आणि थंडी पडली की त्यांना ऊब पुरते ना म्हणून रात्री उठून बघून येते. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही!

कारण अर्थात आमचे चिरंजीव. कुत्रा नको, मांजर नको अशा वर्षभराच्या वाटाघाटींनंतर घरात बिअर्डेड ड्रॅगन आला. नाव भयंकर असलं तरी हा मूळचा ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा. स्वभावानं गरीब, नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगणारा. मोठा झाला की त्याचं बरंचसं जेवण पालेभाजीचं असतं. पण वाढत्या वयात त्याला रोज किडे लागतात, आणि तेही जिवंत.

सुरुवातीला दुकानातून रातकिडे आणले. त्यांना वास येतो, ते पटापट मरतात, आणि एखादा सुटला की फ्रिजच्या मागे बसून रात्रभर किर्र करतो. दर शनिवारची ती खेप आणि खर्च बघून चिरंजीवांनीच सुचवलं, "आई, डुबिया घरीच वाढवूया." डुबिया म्हणजे काय हे कळल्यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पण वाचल्यावर कळलं की ही आपल्या मोरीतली झुरळं नव्हेत. डुबिया दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली. गुळगुळीत प्लॅस्टिकवर किंवा काचेवर त्यांना चढता येत नाही. नराला पूर्ण पंख असतात, तरी तो फारसा उडत नाही. मादीला पंखांचे नुसते खुंट. घरात एखादं सुटलंच, तरी आपल्या घरातल्या थंड, कोरड्या हवेत त्याचा वंश सहसा वाढत नाही. शिवाय मादी अंड्यांची पेटी बाहेर टाकत नाही, पोटातच उबवते आणि वीस-तीस जिवंत पिल्लांना जन्म देते.

बिऱ्हाड थाटायला फार काही लागत नाही. झाकणाचा मोठा, अपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. झाकणाला भोक पाडून त्यावर धातूची बारीक जाळी चिकटवावी. प्लॅस्टिकची जाळी कुरतडली जाते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचावेत, म्हणजे घाण खाली पडते. ऊब मात्र हवीच. डब्याच्या एका बाजूला हीट पॅड लावून, थर्मोस्टॅटवर ८५ ते ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअस ठेवावं. त्याहून फार गार झालं तर झुरळं जगतात, पण पिल्लं होणं थांबतं. पाण्याची वाटी ठेवू नये, पिल्लं बुडतात. संत्र्याची फोड, गाजर किंवा पाणी धरून ठेवणारे जेलचे खडे पुरतात. ओलं अन्न मात्र दोन दिवसांत काढावं, नाहीतर बुरशी धरते आणि सगळं बिऱ्हाड धोक्यात येतं.

आमची चूक यातल्या कशातच झाली नाही. चूक झाली हिशेबात.

जूनमध्ये आम्ही २५ माद्या आणि ७ नर आणले. पहिले पाच-सहा महिने डब्यातलं काही काढू नये, असं सगळेच सांगतात. कारण ऊब चांगली असली तरी पिल्लू मोठं होऊन स्वतः विण्याजोगं व्हायला चार ते सहा महिने लागतात. पण ऑगस्टमध्ये डबा वळवळताना दिसला आणि चिरंजीवांना वाटलं, आपण श्रीमंत झालो! दुकानात जाणं बंद. रोज चिमट्यानं दिसेल ते मोठं उचलायचं आणि सरड्यापुढे टाकायचं. पंखवाले नर चपळ. हाताला लागायच्या त्या जाडजूड, संथ माद्या. त्यात नोव्हेंबरात हीट पॅडचा प्लग कोणाच्या तरी पायानं निघाला आणि आठवडाभर लक्षातच आलं नाही.

डिसेंबरात सगळे ट्रे बाहेर काढून मोजदाद केली. माद्या उरल्या होत्या चार. नर सहा, आणि थोडी बारकी पिल्लं. बाहेर बर्फ, सरडा भुकेला, आणि मुलगा डब्याशेजारी रडवेला होऊन बसलेला. "मीच संपवलं सगळं," एवढंच म्हणत होता.

तेव्हा हे त्याच्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "अरे, माझे आजोबा सांगायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचं. माद्या म्हणजे तुझं मुद्दल. पिल्लं म्हणजे व्याज. तू मुद्दलच खात बसलास." बँकेत पैसे ठेवून पाठ झालं नसतं इतकं ते त्या दिवशी त्याच्या डोक्यात बसलं. पुन्हा माद्या आणल्या, आणि सहा महिने निमूटपणे दुकानातून किडे आणले. आता त्याची वही आहे. तीन-चार माद्यांमागे एक नर ठेवायचा, जास्तीचे नर आणि मधल्या आकाराची पिल्लं सरड्याला, आणि दर महिन्याला मोजणी.

काही गोष्टी ज्यांच्या घरी असा सरडा आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी आणि पिंजऱ्यात यूव्हीबी दिवा हवाच, नाहीतर सरड्याची हाडं मऊ पडतात. झुरळांना आपण जे खायला घालतो तेच शेवटी सरड्याच्या पोटात जातं, तेव्हा शिळंपाकं नको. अंगणातले किडे पकडून देऊ नयेत. त्यातून काजवा तर नाहीच नाही! उन्हाळ्यात मुलं हौसेनं काजवे धरतात, पण इथल्या काजव्यात असं विष असतं की एकच काजवा या सरड्याचा जीव घेऊ शकतो. सरड्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत, साल्मोनेलाची भीती असते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ दम्याला निमंत्रण देते. एकदा यांनी मास्क न लावता डबा साफ केला आणि दोन दिवस खोकत होते. आता दोन-तीन महिन्यांनी सफाई होते ती गराजमध्ये, दार उघडं ठेवून, मास्क आणि हातमोजे घालून. घरात कोणाला दमा असेल तर या फंदात पडूच नये. फ्लॉरिडात आणि कॅनडात राहणाऱ्यांनी आधी कायदा बघावा. 

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. शुद्ध शाकाहारी, मुंगीलाही फुंकर घालून बाजूला करणाऱ्या. तळघरातला प्रकार किती दिवस लपवणार? एका दुपारी त्यांनी डबा पाहिला आणि मला विचारलं, "अगं, मारायलाच वाढवता का गं यांना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नातवानं दिलं. "आजी, त्याला भाजीच देऊन चाललं असतं तर मी दिली असती. पण मग तो मोठाच झाला नसता." मग आजीनं सरड्याकडे नीट पाहिलं आणि त्याला तानाजीच्या यशवंती घोरपडीची गोष्ट सांगितली, १६७० साली सिंहगडाचा कडा चढली म्हणतात ती. चिरंजीवांना सरड्याचं खानदान एवढं मोठं आहे हे पहिल्यांदाच कळलं.

जाईपर्यंत रोज सकाळी गाजराची सालं आणि दुधीच्या चकत्या वेगळ्या काढून त्या नातवाच्या हातात द्यायच्या. म्हणायच्या, "खायला घालणं माझं. पुढचं तुम्ही बघा, मला सांगू नका."

जाताना विमानतळावर मात्र त्यांनी हळूच विचारलं, "माद्या किती आहेत रे आता?"

"बत्तीस, आजी."

"बरं. मुद्दल सांभाळ."