आडनावावरून ग्रंथशोध

आडनावावरून ग्रंथशोध म्हणजे ग्रंथालयांच्या सूचींमध्ये व शैक्षणिक डिजिटल संग्रहांमध्ये केवळ आडनाव देऊन त्या आडनावाच्या लेखकांचे ग्रंथ, प्रबंध आणि शोधलेख एकत्र पाहण्याची पद्धत होय. एखाद्या विद्वान घराण्याचे कार्य अभ्यासताना, लेखकाचे पूर्ण नाव ठाऊक नसताना किंवा एकाच आडनावाच्या व्यक्तींनी कोणकोणत्या विषयांत लेखन केले आहे हे जाणून घेताना ही पद्धत उपयोगी पडते. मात्र समान आडनाव म्हणजे समान घराणे नव्हे, आणि समान आद्याक्षरे म्हणजे तीच व्यक्ती नव्हे. मराठी नावे रोमन लिपीत संक्षेपाने लिहिली जातात तेव्हा पिता-पुत्रांची नावेसुद्धा एकरूप होऊ शकतात. त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक नोंदीची स्वतंत्र पडताळणी करावी लागते.

मराठी नावाची घडण

मराठीत पूर्ण नाव साधारणतः तीन पदांचे असते: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. ग्रंथसूचीत आडनाव प्रथम येते व त्यानंतर उरलेली दोन पदे येतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा अनेक घरांत असल्याने तीच दोन नावे एकाआड एक पिढीत उलटसुलट क्रमाने आढळतात.

मराठी आद्याक्षरांत व्यंजनाबरोबर त्याचा स्वरही टिकतो. 'धों. के.', 'दि. धों.' आणि 'द. गो.' ही आद्याक्षरे परस्परांपासून सहज वेगळी ओळखू येतात. रोमन लिपीत द आणि ध या दोन्ही वर्णांचा आरंभ 'डी' या एकाच अक्षराने होतो आणि स्वरचिन्हही गळते. परिणामी देवनागरीत भिन्न असलेली नावे रोमन संक्षेपात एकसारखी होतात. आडनावावरून केलेल्या शोधातील बऱ्याच गोंधळाचे मूळ येथे आहे.

उदाहरण: कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे अभ्यासक होते. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. 'निवेदन' (१९२४) हे आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' (१९४०) हा ग्रंथ ही त्यांची मराठीतील प्रसिद्ध पुस्तके होत.

त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणितज्ञ होते. त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र आनुवंशिकीत 'कोसंबी फलन' म्हणून ओळखले जाते. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्यासाठी ते वापरतात. प्राचीन नाण्यांच्या अभ्यासात त्यांनी संख्याशास्त्राचा उपयोग केला, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) सिद्ध केली आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ (१९५६) लिहिला.

दामोदरांच्या कन्या मीरा कोसंबी (१९३९–२०१५) या समाजशास्त्रज्ञ होत्या. मुंबई शहराची वाढ, एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील स्त्रिया आणि पंडिता रमाबाई हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होत. त्यांनी आजोबांच्या 'निवेदन'चा इंग्रजी अनुवाद केला (२०११).

एखाद्या डिजिटल संग्रहात 'कोसंबी' हा शब्द दिल्यास पाली, गणित, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांच्या नोंदी एकत्र येतात. त्यांत पिता-पुत्र ओळखणे विशेष कठीण जाते. देवनागरीत 'ध. दा.' म्हणजे पिता आणि 'दा. ध.' म्हणजे पुत्र. रोमन संक्षेपात मात्र दोघेही 'डी. डी.' होतात. दोघांचेही काम फर्ग्युसन महाविद्यालयाशी निगडित असल्याने संस्थेच्या नावावरूनही निर्णय होत नाही.

हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेतील दोन लागोपाठचे खंड याचे चांगले उदाहरण आहेत. एक्केचाळिसावा खंड (१९५०) म्हणजे बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग'. हेन्री क्लार्क वॉरन यांनी संपादित केलेल्या या ग्रंथाचे संशोधन धर्मानंदांनी केले. बेचाळिसावा खंड (१९५७) म्हणजे विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश'. त्याचे संपादन दामोदर कोसंबी व वि. वि. गोखले यांनी केले. ग्रंथमाला एक, खंड शेजारचे, आडनाव एक आणि रोमन आद्याक्षरे एक असली तरी संपादक मात्र भिन्न पिढ्यांतील आहेत. येथे केवळ प्रकाशनवर्ष पाहणेही पुरेसे नाही, कारण पहिला खंड धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठाच्या आतील पूर्ण नाव आणि प्रस्तावना पाहिल्यावरच निश्चित उत्तर मिळते.

उदाहरण: कर्वे

कर्वे या आडनावाच्या नोंदींत एक कुटुंब आणि त्या कुटुंबाबाहेरचे समनामी लेखक एकत्र सापडतात. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे लेखन स्त्रीशिक्षण व आत्मचरित्र या सदरांत येते. त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी संततिनियमनाचा पुरस्कार केला आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. दुसरे पुत्र दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पाच महाराष्ट्रीय कुटुंबांच्या आत्मकथनांवर आधारलेला इंग्रजी ग्रंथ त्यांनी १९६३ मध्ये सिद्ध केला. दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे (१९०५–१९७०) या मानवशास्त्रज्ञ होत्या. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा आहे, तर 'युगान्त' या मराठी ग्रंथास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

याच आडनावाखाली अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांचे लेखन आढळते. ग्रामोद्योग व लघुउद्योगांसंबंधीच्या १९५५ च्या समितीचे ते अध्यक्ष होते. यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासह 'महाराष्ट्र शब्दकोश' संपादित करणारे चिंतामण गणेश कर्वे यांच्या नोंदीही तेथेच येतात. हे दोघे महर्षी कर्व्यांचे पुत्र नव्हेत, हे वडिलांच्या नावांवरूनच कळते. मधले पद गाळलेल्या नोंदीत मात्र हा पुरावा नाहीसा होतो. दिनकर कर्वे हेही फर्ग्युसन महाविद्यालयात होते व रोमन आद्याक्षरांत तेही 'डी. डी.' होतात. म्हणून आद्याक्षरे व संस्था यांवरून शोध घेताना आडनावाचा एक वर्ण चुकीचा वाचला गेला असल्यासही नोंद भलत्या व्यक्तीच्या नावे जाण्याचा धोका असतो.

नात्याविना साम्य

जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांसारखी आडनावे वृत्ती किंवा वतनावरून आलेली असून महाराष्ट्रात सर्वत्र पसरलेली आहेत. अशा आडनावांच्या शोधातून घराण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) हे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते आणि पंडित महादेवशास्त्री जोशी (१९०६–१९९२) हे भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक होते. आडनाव, 'शास्त्री' ही उपाधी, काळ आणि कोशसंपादनाचे कार्य या चारही गोष्टी जुळत असूनही एकाचे बालपण खानदेशात गेले व दुसऱ्याचा जन्म गोव्यात झाला. विषयाची मर्यादा घातली तरी अशा नोंदी वेगळ्या होत नाहीत. पूर्ण नावच द्यावे लागते.

आडनावाबाहेर राहणारे लेखन

आडनाव नेहमी स्थिर नसते. स्त्रियांच्या बाबतीत विवाहापूर्वीचे व नंतरचे लेखन दोन आडनावांखाली विभागले जाते. इरावती कर्वे यांचे माहेरचे आडनाव करमरकर होते, आणि काही सूचींत ते त्यांच्या नावाचा भाग म्हणून नोंदलेले आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे माहेरचे आडनाव डोंगरे व पतीचे मेधावी; तथापि त्यांचे ग्रंथ बहुधा 'रमाबाई' किंवा 'रमाबाई सरस्वती' याच नावाखाली सापडतात. केवळ आडनावाने शोध घेणाऱ्यास 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) लिहिणाऱ्या या लेखिकेचे कार्य दिसणारच नाही.

आडनाव बदलल्याचीही उदाहरणे आहेत. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे होते. फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव रूढ झाले. टोपणनावाने झालेले लेखनही आडनावाच्या शोधातून निसटते. 'लोकहितवादी' म्हणजे गोपाळ हरी देशमुख आणि 'कुसुमाग्रज' म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे मराठी वाचकास ठाऊक असते, पण संगणकीय नोंदीत ही जोड मुद्दाम करून ठेवावी लागते. दामोदर कोसंबी यांनीही अखेरच्या काळातील काही गणिती लेख 'एस. डुक्रे' या नावाने प्रसिद्ध केले. 'कोसंबी' हा शब्द देऊन ते लेख मिळतीलच असे नाही.

लिप्यंतराचे प्रश्न

मराठी नावाचे रोमन लेखन एकाच रीतीने होत नाही. ळ या वर्णासाठी रोमन लिपीत साधे अक्षर नाही, आणि व साठी 'व्ही' व 'डब्ल्यू' ही दोन्ही अक्षरे वापरात आहेत. ठाणे शहरालगतच्या कळवा या नावात हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात: ळ चा ल होतो आणि व कधी 'व्ही'ने तर कधी 'डब्ल्यू'ने लिहिला जातो. टिळक, गाडगीळ, काळे, वाळिंबे अशा आडनावांनाही हाच नियम लागू पडतो.

मोठ्या ग्रंथालयांच्या शास्त्रीय लिप्यंतरात शब्दातील न उच्चारला जाणारा अकारही लिहितात. त्यामुळे 'आगरकर' हे आडनाव तेथे 'आगरकरा' असे वाचावे लागेल अशा स्वरूपात नोंदलेले असते. देवनागरीतही 'कोसंबी' व 'कोसम्बी' ही दोन रूपे संगणकाच्या दृष्टीने भिन्न शब्द ठरतात. जुन्या मुद्रणातील जोडाक्षरे यांत्रिक वाचनात चुकत असल्याने स्कॅन केलेल्या मजकुरातील आडनाव शोधात सापडेलच याची खात्री नसते.

प्रमुख संग्रह

भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात मिळतात. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र तो चालवते. त्यात संशोधक, मार्गदर्शक, शीर्षक व विषयशब्द यांनुसार शोध घेता येतो. खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र दाखवते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह जुन्या ग्रंथांसाठी महत्त्वाचा आहे. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली अनेक मराठी पुस्तके आहेत, परंतु त्यांच्या नावांचे रोमन लेखन एकसारखे नाही.

ठाणे, कळवा, कल्याण व डोंबिवली परिसरातील वाचकांना छापील प्रतीशी पडताळणी करण्यासाठी ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८६४) ही जुनी ग्रंथालये जवळची आहेत.

शोधाची पद्धत

प्रथम आडनाव देवनागरीत द्यावे, नंतर त्याची संभाव्य सर्व रोमन रूपे द्यावीत. शोध 'लेखक' या रकान्यापुरता मर्यादित ठेवावा. सर्व रकान्यांत शोध घेतल्यास त्या व्यक्तीवर लिहिलेले प्रबंध आणि त्या आडनावाच्या मार्गदर्शकाखाली झालेले संशोधनही यादीत मिसळते. 'कोसंबींचे इतिहासलेखन' या विषयावरील प्रबंधाचा लेखक कोसंबी नसतो.

मिळालेल्या यादीत संपादक, अनुवादक व मूळ लेखक यांच्या भूमिका वेगळ्या कराव्यात. 'निवेदन'च्या इंग्रजी अनुवादात मूळ लेखक आणि अनुवादक या दोघांचेही आडनाव कोसंबी आहे. त्यानंतर प्रत्येक नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे, संस्था व विषय लिहून नोंदींचे गट पाडावेत. शंका राहिल्यास ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ पाहावे.

समनामी लेखक वेगळे ठेवण्यासाठी ग्रंथालये अधिकृत नामसूची राखतात. तीत एका व्यक्तीच्या नावाची सर्व रूपे एकाच नोंदीखाली आणलेली असतात. अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा सूची 'व्हायाफ' या सेवेत एकत्र पाहता येतात. आजच्या संशोधकांना 'ऑर्किड' हा स्वतंत्र ओळखक्रमांक घेता येतो. ही व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली. जुन्या मराठी लेखकांसाठी मात्र पूर्ण नाव हाच सर्वात विश्वसनीय ओळखक्रमांक आहे.

महत्त्व

चुकीच्या व्यक्तीच्या नावे गेलेली नोंद पुढील प्रबंधांत, सूचींत व विश्वकोशांत जशीच्या तशी उतरवली जाते. त्यातून एकाचे श्रेय दुसऱ्यास मिळते आणि नाव बदललेल्या लेखिकेचे आरंभीचे काम विस्मृतीत जाते. याच कारणाने विकिपीडियावर समान नावांसाठी निःसंदिग्धीकरण पाने तयार केली जातात. संदर्भ देताना मराठी लेखकाचे तिन्ही पदांचे नाव देवनागरीत लिहिल्यास पुढील वाचकाची बरीचशी पडताळणी आधीच झालेली असते.