बोलका बोया, मुकी होडी

जुलै २०२५च्या पहिल्या आठवड्यात रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद बोट दिसल्याचा निरोप आला आणि पोलीस, तटरक्षक दल, नौदल सगळेच भर पावसात शोधाला लागले. बोट सापडली नाही. नंतर पोलिसांनी खुलासा केला की, पडद्यावर उमटलेला तो ठिपका बोटीचा नव्हताच. एका पाकिस्तानी मासेमारी बोटीच्या जाळ्याचा बोया वाहत आला होता आणि त्यावरचं यंत्र आपला क्रमांक हवेत सांगत होतं.

हे वाचलं तेव्हा मला ऑगस्ट २०२२ आठवला. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची निर्मनुष्य नौका लागली होती आणि तिच्यात तीन एके-४७ होत्या. त्याआधी ३१ जुलै २०११ला ‘पवित’ हे हजार टनी जहाज थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं होतं. म्हणजे हातभर बोया दिसतो, आणि हजार टनांचं जहाज मुंबईच्या दारात येईपर्यंत दिसत नाही. असं का व्हावं?

या दोन्ही नौका ओमानजवळच्या समुद्रात सोडून दिलेल्या होत्या, दोन्ही जूनच्या अखेरीला. पुढचं काम नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी केलं. दोन हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्र ओलांडणारी गलबतं ज्या वाऱ्यावर येत, तोच हा वारा. मस्कतपासून कोकण साधारण पंधराशे किलोमीटर. ‘लेडी हान’ला त्यासाठी सुमारे पन्नास दिवस लागले, म्हणजे ताशी सव्वा किलोमीटर. रमतगमत चालणारा माणूसही तिच्या पुढे गेला असता! सोडलेली वस्तू वाऱ्यापाण्यावर कुठे जाईल याचं गणित करणारी ‘सरात’ नावाची प्रणाली हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने बनवली आहे. ओमानजवळ काय सुटलं हे वेळेवर कळवलं गेलं, तर ते कोकणात साधारण कुठे लागेल याचा अंदाज बांधता येतो.

तर मग बोया का दिसला? कारण तो बोलत होता. मोठ्या जहाजांवर ‘एआयएस’ नावाचं यंत्र असतं. मी कोण, कुठे आहे, किती वेगाने कुठे चाललो आहे, हे ते दर काही सेकंदांनी रेडिओवर सांगत राहतं. नऊ आकडी ओळख क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४१९, पाकिस्तानचे ४६३. कोर्लईच्या बोयाच्या क्रमांकाची सुरुवात ४६३ने होती, म्हणून तर एवढी धावपळ झाली.

आता खरी गंमत. मुंबईबाहेरच्या समुद्रात एका वेळी कितीतरी जहाजं असतात आणि ती सगळी दोनच वाहिन्यांवर बोलतात. तरी एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही. चाळीतला सार्वजनिक नळ आठवून पाहा. तिथे नंबर लावायला नगरपालिकेचा माणूस नसतो. एकीने हंडा ठेवला की दुसरी तो पाहून त्यामागे आपला ठेवते, आणि रांग आपोआप लागते. एआयएसमध्ये एका मिनिटाचे प्रत्येक वाहिनीवर २,२५० तुकडे केलेले असतात. प्रत्येक जहाज आधी ऐकतं, रिकामा तुकडा हेरतं, आणि बोलतानाच सांगून ठेवतं की माझा पुढचा नंबर अमुक जागी. घड्याळ सगळ्यांचं एकच, उपग्रहाकडून मिळालेलं. आणि रांग फारच लांबली तर? मग जहाज आपल्यापासून सगळ्यात लांबच्या जहाजाच्या जागेवर आपला हंडा ठेवतं. टक्कर व्हायची ती जवळच्याशीच, त्यामुळे लांबच्याचं नाही ऐकू आलं तरी चालतं. मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय चालणारी ही शिस्त स्वीडनच्या होकान लान्स या संशोधकाच्या कल्पनेतून आली. इतकी सुंदर युक्ती रोजच्या वापरात असूनही त्याचं नाव किती थोड्यांना ठाऊक आहे!

या युक्तीचा मूळ हेतू मात्र टक्कर टाळण्याचा आहे. ज्यांना एकमेकांपासून सुरक्षित राहायचं आहे अशा प्रामाणिक जहाजांसाठी ती आहे. ज्याला लपायचं आहे तो यंत्र बंद करतो.

मग उरतं रडार. त्याची जन्मकथाही टक्करीशीच जोडलेली आहे. पाठ्यपुस्तकं रडारची गोष्ट १९३५ सालच्या ब्रिटनपासून, वॉटसन-वॉटपासून सुरू करतात. पण १९०४ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात, ऱ्हाइन नदीकाठी, क्रिस्टियान ह्युल्समायर नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने लोकांना एक पेटी दाखवली होती. तिच्यातून निघालेल्या रेडिओलहरी जहाजावर आपटून परत आल्या की पेटीतली घंटा वाजायची. धुक्यात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत एवढीच त्याची तळमळ होती. त्याने पेटंट घेतलं, पण ना नौदलाने ती पेटी घेतली, ना जहाज कंपन्यांनी. ती घंटा पुढची तीस वर्षं कुणी ऐकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यानंतर आपण दीपस्तंभांवर रडारची साखळी उभी केली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणं झाली, आणि २०१४ पासून तिथली चित्रं गुरुग्रामच्या केंद्रात एकत्र येतात. काम मोठं आहे, पण ‘आता समुद्रावरचं पाखरूही सुटणार नाही’ अशा थाटाच्या बातम्या येतात तेव्हा भौतिकशास्त्र विसरलं जातं. रडारच्या लहरी जाताना विरळ होतात आणि परत येतानाही, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो. पन्नास मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यावर दोन मीटर वर आलेली होडी फार तर पस्तीस किलोमीटरपर्यंत दिसेल, पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. त्यातही लाकूड आणि फायबर लोखंडासारखा प्रतिध्वनी देत नाहीत. पावसाळ्यातल्या लाटा मात्र भरपूर देतात. उधाणलेल्या समुद्रात छोटी होडी शोधणं म्हणजे जत्रेच्या कोलाहलात कुजबुज ऐकणं.

आणि समजा, दिसली होडी. ती कुणाची हे रडार सांगू शकत नाही. ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट होती. २६/११च्या अतिरेक्यांनी ती भर समुद्रात ताब्यात घेतली, खलाशांना मारलं आणि तिच्यातूनच ते मुंबईजवळ आले. कुठल्याही पडद्यावर ती आपलीच बोट दिसली असती. सोमाली चाचेही पकडलेलं जहाज तळासारखं वापरून पुढच्या शिकारीला निघतात. ‘रुएन’ या मालवाहू जहाजाचा त्यांनी तसाच वापर केला होता. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ते सोडवलं आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणलं.

ओळखीची होडी आणि अनोळखी माणसं यांतला फरक कळतो तो कोळ्याला. इंजिनाच्या आवाजावरून, जाळी नसलेल्या नाळेवरून, चुकीच्या वेळी चुकीच्या जागी आलेल्या तांडेलावरून. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री रबरी होडीतून आलेल्या त्या दहा जणांना ‘कोण तुम्ही?’ हा पहिला प्रश्न मच्छीमार नगरातल्या कोळ्यांनीच विचारला होता.

म्हणून मला रडारइतकंच ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या योजनेचं मोल वाटतं. एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने घडवलेली यंत्रं बसवायची आहेत. ती उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी बोलतात, म्हणजे बोट संकटाचा निरोप धाडू शकते आणि किनारा तिला वादळाचा इशारा देऊ शकतो. त्याच वाटेने अनोळखी होडीची खबरही यावी. आणि ती देणाऱ्या तांडेलाला, वीस वाव पाण्यात एकटा असताना, ‘मिळालं, निघालोच’ एवढं उत्तर त्याच रात्री मिळावं.